दाताखालचा दाणा

भात वाळलं की नाही हे मला यंत्रावाचून कळतं. एक दाणा घ्यायचा, दाढेखाली धरायचा आणि चावायचा. ‘कट्’ करून दोन तुकडे झाले तर वाळलं. नुसता दबला, दाढेला चिकटला, तर ओलं. हे मला कुठल्या विद्यापीठानं शिकवलेलं नाही. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मला आणि माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, खळ्यावर शेजारी शेजारी उभं करून शिकवलं. तेव्हा मी सात वर्षांची असेन. पुढं धान्याच्या वाळवणीवर आणि साठवणीवर मी उभा जन्म संशोधन केलं, नाना तऱ्हेची यंत्रं हाताळली, पोरांना शिकवलं. पण यंत्रानं आकडा दाखवला की मी गुपचूप एक दाणा तोंडात टाकायचीच. बरोबरचे लोक हसायचे. हसेनात का! यंत्रं माझ्याशी दोनतीनदा खोटं बोललीत, दाढ कधी बोलली नाही.

अण्णानं शाळा सोडून शेती धरली. मी शिकायला महाराष्ट्रात गेले, तिथं देवनागरी लिहायला शिकले, परत येऊन तंजावुरात नोकरी केली, घर केलं. अण्णा ओरत्तनाडूच्या पलीकडं, आमच्या गावातच राहिला. आम्ही पिढ्यान्पिढ्या इकडं तमिळ मुलखात राहिलेले, आमची मराठी घरात बोलायची. बाहेर पडलं की तमिळ. अण्णाला मराठी वाचता येत नाही, आणि त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. दर वर्षी नवं भात गिरणीतून काढून आणलं की पहिलं पोतं तो माझ्याकडं आणायचा. बसनं यायचा, स्टँडवरून ऑटो करायचा, पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन पायऱ्या चढायचा. ‘अगो, वास घेऊन बघ,’ म्हणायचा. मी वास घेतल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही.

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्या वर्षी कुरुवै, म्हणजे आमच्याकडचं थोड्या दिवसांचं पहिलं भात, कापणीला आलं आणि पाऊस जो लागला तो हटेचना. कापलेलं भात रस्त्यांवर, देवळांच्या आवारात, शाळेच्या पटांगणात पडलेलं. सरकारी खरेदी केंद्रावर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ओल निघाली की पोतं परत. शेतकऱ्यांचं मागणं एवढंच होतं, की यंदापुरती ओलीची मर्यादा वाढवा आणि भात लवकर उचला, नाहीतर राशीतच मोड येतील. ही तक्रार कितपत खरी ते बघायला दिल्लीहून एक पथक निघालं. त्यात तज्ज्ञ सल्लागार म्हणून माझं नाव होतं.

खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले. इतकी वर्षं मी लिहिलेलं वाचत कोण होतं? तेच सातआठ जण, त्यांतले दोन माझ्यावर जळणारे. आणि आता सरकार विचारत होतं, तुमचं मत काय. मी दोन सुती साड्यांना खळ घातली, चष्म्याची मोडकी काडी बदलून आणली आणि शेजारीण विचारायच्या आधीच तिला सांगून टाकलं. चेन्नईहून मुलगी फोनवर म्हणाली, ‘अम्मा, घरात तुझं कुणी ऐकत नाही, तिथं तरी ऐकतील.’ ‘गप गं,’ म्हटलं, पण आतून गुदगुल्या होत होत्या.

पथकात आम्ही चौघं. दिल्लीचे दोन अधिकारी, चेन्नईचा एक आणि मी. पथकाचे प्रमुख दिल्लीचे. मृदू बोलणारे, कॉफीत साखर न घालणारे गृहस्थ. पहिल्या संध्याकाळी त्यांनी गावांची यादी हातात दिली. म्हणाले, ही यादी बाहेर जाता कामा नये. मी वाचली. तिसऱ्या ओळीत आमचं गाव.

आता इथं एखाद्या शहाण्या बाईनं काय केलं असतं? म्हणाली असती, त्या गावात माझ्या भावाचं भात पडलंय, मला त्या दिवशी सुट्टी द्या. नाहीतर सरळ म्हणाली असती, मी त्या गावची आहे, मला तिथलं सगळं माहीत आहे, मी दाखवते तुम्हाला. यांतलं काहीही चाललं असतं. मी मात्र नाकानं कांदे सोलायला बसले. म्हटलं, ‘हे माझं गाव आहे. तिथं मी तोंड उघडणार नाही. नमुना तुम्हीच घ्या, मोजमाप तुम्हीच करा.’ प्रमुख म्हणाले, ‘मॅडम, सरकारला तुमच्यासारखीच माणसं हवीत.’ झालं! एवढ्यावर मी विरघळले. त्या रात्री मला काय छान झोप लागली म्हणून सांगू.

पुढच्या चार दिवसांत अण्णाचे पाच फोन आले. मी एकही उचलला नाही. उचलला असता तर काय सांगायचं होतं? यादी फोडायची नव्हती. फक्त एवढं म्हणायचं होतं, ‘अण्णा, कोणी बघायला आलं तर भात आहे तसं असू द्या. हलवू नका, झाडू नका, निवडू नका.’ हे काही गुपित नव्हे. नमुना घेण्याच्या पहिल्या तासाला मी पोरांना हेच शिकवत आले. आणि ते सांगायची गरज आमच्या गावाला इतर कोणाहीपेक्षा जास्त होती, कारण आमच्या लोकांची एक रीत मला चांगली ठाऊक होती.

ती रीत अशी. केंद्रावर रोज एक माणूस ओल मोजायचं मीटर घेऊन बसतो. त्याच्या पुढ्यात ओलं पोतं गेलं की परत येतं, आणि परत आलेल्या माणसाला सगळ्यांसमोर मान खाली घालून ते घरी न्यावं लागतं. म्हणून वर्षानुवर्षं सगळे एकच करतात. मीटर दिसलं की आपल्याकडचं सगळ्यात वाळलेलं, सगळ्यात स्वच्छ भात पुढं करायचं. ओलं मागं दडवायचं, उद्याच्या उन्हाची वाट बघत. हात आपोआप तसेच चालतात. ओल बघायलाच आलेलं मीटर त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. या एका मीटरला ओलं दाखवायचं असतं, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. ते कोणीतरी म्हणजे मी होते, आणि मी फोन उचलत नव्हते.

यादी गुप्त राहिली नाहीच. गावच्या सरकारी कारभाऱ्याला आदल्या संध्याकाळी कळवावं लागतं, त्यानं अण्णाला सांगितलं. अण्णा तेव्हा गावच्या शेतकरी संघाचा अध्यक्ष होता. ‘उद्या पथक येतंय, आणि त्यात तुमची तंगई.’ तंगई म्हणजे धाकटी बहीण. पुढचं मला नंतर वहिनीनं सांगितलं. गावातली तरुण पोरं म्हणाली, ओलंच दाखवू या. अण्णा त्यांच्यावर उसळला. ‘माझी बहीण दिल्लीच्या माणसांना घेऊन पहिल्यांदा गावात येत्ये, आणि तिच्यासमोर कुजकं मांडायचं? आधी आपली माती काय पिकवते ते बघू देत. ओलीचं अर्जात लिहू. ती आहे ना, ती सांभाळून घेईल.’ पहाटेपासून सगळं गाव राबलं. बायकांनी रस्ता झाडला. ज्यांच्या घरात थोडंफार वाळलेलं होतं त्यांनी ते आणून एकत्र घातलं.

आमची गाडी केंद्रापाशी पोचली तेव्हा अकरा वाजले होते. पाऊस थांबून दोन दिवस झालेले, ऊन चटके देत होतं. दाराशी एवढं मोठं कोलम, म्हणजे रांगोळी, की लग्नघर वाटावं. नव्या ताडपत्रीवर भाताची एकच रास, टोक काढून रचलेली, पाखडलेली, काडीसुद्धा नाही. अण्णा पुढं उभा. नेसायला इस्त्रीची वेष्टी, अंगात मी दिवाळीला दिलेला शर्ट. त्यानं मला हात जोडले. ‘वांगा मॅडम, या.’ साठी उलटलेल्या माझ्या भावानं मला मॅडम म्हटलं आणि मी, काय सांगू, मान हलवून पुढं गेले. एवढी सरकारी झाले होते मी चार दिवसांत.

तेवढ्यात केंद्राच्या मागून वारा आला आणि मला वास आला. आंबूस, गरम, ओल्या गोणपाटाचा. भात आतून तापायला लागलं, मोड धरायला लागलं, की असा वास सुटतो. याच वासावर माझ्या आयुष्याची कितीतरी वर्षं गेली आहेत. झोपेत आला तरी ओळखेन. केंद्रामागं देवळाची पत्र्याची शेड होती. तिथं निळ्या ताडपत्र्यांखाली उंच उंच काहीतरी झाकलेलं. अण्णा शहाळं घेऊन लगबगीनं आला आणि नेमका त्या बाजूला आडवा उभा राहिला. ‘प्या मॅडम. ऊन फार आहे.’

मी राशीतला एक दाणा उचलून दाढेखाली घातला. कट्. मागून कोणी म्हातारा कौतुकानं म्हणाला, ‘बापाची सवय!’ सगळे हसले. अण्णा तर असा खुलला, जणू मला शाळेत बक्षीस मिळालंय. त्याला वाटलं मी भाताला पसंती दिली.

प्रमुखांनी राशीत तीनचार ठिकाणी पोकळ सळई खुपसून दाणे काढले. मीटरवर आकडा आला, मर्यादेच्या आतला. मग अण्णानं अर्ज दिला. प्रमुखांनी तो उभ्यानंच वाचला. अर्जात लिहिलेलं, भात भिजून मोड येत आहेत, दया करावी. त्यांनी अर्ज बघितला, रास बघितली आणि माझ्याकडं बघितलं.

मला एवढंच म्हणायचं होतं, ‘त्या शेडमध्ये काय आहे ते बघू या.’ वाक्य जिभेवर आलेलं होतं. पण मनात आलं, यांना वाटेल भावासाठी बोलत्ये. चार दिवसांपूर्वी मीच शपथ घेतल्यासारखी सांगून बसले होते, तिथं मी तोंड उघडणार नाही. आता उघडलं तर काय राहिलं माझ्या निःपक्षपातीपणाचं? मूग गिळून शहाळ्याचं पाणी प्यायले. गोड होतं, तेही आठवतं. दहा मिनिटांत आम्ही गाडीत बसलो. मागच्या काचेतून बघितलं तर अण्णा अजून हात जोडूनच उभा होता.

अगदीच काही केलं नाही असं नाही. केलं, आणि त्याची मला जास्त लाज वाटते. अहवालाचा मसुदा आला तेव्हा शेवटच्या पानावर, जोडपत्राच्या खाली, मी एक ओळ घातली: काही केंद्रांवरील नमुना संपूर्ण साठ्याचा प्रतिनिधी असेलच असे नाही. आम्हा संशोधकांत अशा एका ओळीवरून आख्खा निबंध परत येतो. बघणाऱ्यांची डोकी तिथं थांबतात, प्रश्न विचारतात, पुन्हा मोजा म्हणतात. मला वाटलं, सरकारातही कोणीतरी ती ओळ वाचून दचकेल. अहो, सरकारात शेवटचं पान फक्त पिन मारायला असतं! सल्ला द्यायला बोलावलेल्या बाईनं आपला सल्ला तळटीपेत लिहिला आणि सही करून मोकळी झाली. त्या सहीखाली माझ्या पदव्या छापल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या.

निर्णय लवकर लागला, तेवढं मान्य केलं पाहिजे. ज्या केंद्रांवर पथकाला जास्त ओल आढळली, त्या केंद्रांपुरती मर्यादा वाढवली. शेजारच्या गावाचं नाव त्यात होतं. पथक येणार हे तिथल्या कारभाऱ्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळं त्यांचं भात जसं होतं तसं चिखलात दिसलं. आमचं गाव यादीत नव्हतं. शेडमधलं भात तिथंच राहिलं. पुन्हा पाऊस आला. वहिनी म्हणाली, पोत्यांच्या विणीतून हिरवे कोंब बाहेर आले, पोरं ते उपटून खेळत होती. काही गुरांना घातलं, गुरांनीही तोंड फिरवलं. उरलेलं खत म्हणून शेतात नेऊन टाकलं. नुसतं अण्णाचं नव्हे, शेडमध्ये ज्यांचं ज्यांचं होतं त्या सगळ्यांचं.

अण्णाचा फोन आला तेव्हा मी पहिल्या घंटेला उचलला. वाटलं, आता चिडेल, बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, ‘अगो, चूक माझीच. मी तुजपासून लपवलं. मागं ठेवलेलं तुला कसं कळणार? तुला बोलायला मी जागाच ठेवली नाही.’

मी म्हटलं, ‘जाऊ दे अण्णा.’

हे तीन शब्द मला अजून झोपू देत नाहीत. शेडपाशी गप्प बसले त्याला निदान नियमाचं पांघरूण होतं. इथं कुठला नियम होता? तिथंच म्हणायला हवं होतं, अण्णा, मला कळलं होतं. पण त्यानं चूक स्वतःच्या अंगावर ओढून घेतली होती आणि मी ती घेऊ दिली. गावात पोरांनी त्याला धारेवर धरलं. ‘आम्ही ओलं दाखवू म्हणत होतो, तुम्हीच अडवलंत.’ त्यानं संघाचं अध्यक्षपद सोडलं. चहाच्या टपरीवर रोज सकाळी बसायचा, ते बंद केलं. वहिनी म्हणाली, आता कालव्याच्या बांधावरून आडवाटेनं शेतात जातात, टपरी लागू नये म्हणून.

आणि तरी त्या वर्षी पोतं आलं. तोच बसनं घेऊन आला, तसाच पाठीवर घेऊन पायऱ्या चढला. मी विचारलं, ‘अण्णा, या वर्षी कुठलं?’ म्हणाला, ‘त्या राशीतलं. तुझा वाटा आधीच काढून ठेवला होता.’ मी वास घेतला. मग त्यानं पाणी प्यायलं. वर्षभर मी त्या राशीचा तांदूळ शिजवून खाल्ला.

इथपर्यंतचं सगळं मी उन्हाळ्यात लिहून ठेवलं होतं. मराठीतच का लिहिलं, तर अण्णाला वाचता येणार नाही म्हणून. दुसरं काही कारण नाही. लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं आणि माझा मलाच संताप आला. भावाशी बोलायचं ते मी पुन्हा एकदा तळटीपेत लिहून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडली.

ओरत्तनाडूला छत्रापाशी, म्हणजे जुन्या धर्मशाळेपाशी, बस बराच वेळ थांबली. वाटलं उतरावं आणि परत फिरावं. नाही फिरले. अण्णा कालव्याच्या कडेला बसून फावडं धूत होता. पाणी नुकतंच सुटलं होतं, पेरणीची घाई होती. मला बघून उठला. ‘अगो, फोन न करता? सगळं बरं आहे ना?’ मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानंच म्हटलं, ‘अण्णा, त्या दिवशी मला कळलं होतं. मला मागचा वास आला होता.’

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं. फावडं खाली ठेवलं.

‘दाणा चावलास तेव्हा?’

‘त्याच्या आधीच.’

त्यानं हाताचा चिखल पाण्यात धुतला. मग म्हणाला, ‘पोरं म्हणत होती, मॅडमना माहीत असणार. मी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, माझ्या बहिणीला माहीत असतं तर ती गप्प बसली असती का?’

मला रडू आलं. त्यानं बघितलं, पण समजूत घातली नाही. लहानपणापासून मी रडले की तो काहीतरी खोडी काढून हसवायचा. ‘मग का गप्प बसलीस?’ त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला.

म्हटलं, ‘लोक म्हणाले असते, बहीण भावाची बाजू घेत्ये.’

‘म्हणाले असते,’ अण्णा म्हणाला. ‘म्हणू द्यायचं होतंस.’

वहिनीनं जेवायला वाढलं, आम्ही जेवलो. त्यानं मला मोपेडवर बसवून बसथांब्यापर्यंत सोडलं. टपरीवरूनच नेलं या वेळी. तिथले लोक बघत होते. त्यानं कुणाकडं बघितलं नाही आणि गाडीही थांबवली नाही. बस आल्यावर माझी पिशवी वर दिली, ‘लौकर नीघ, पावसाचं दिसतंय,’ म्हणाला आणि वळला.

यंदाची कुरुवै चांगली गेली. कापणीला पाऊस आला नाही, भात कडक उन्हात वाळलं. वहिनीनं फोनवर सांगितलं, गिरणीतून तांदूळ येऊन महिना झाला. अण्णा जवळच होता, मागं त्याचं खाकरणं ऐकू येत होतं. मी म्हटलं नाही की त्याला फोन दे, आणि तिनं विचारलं नाही. रोज दुपारी बसची वेळ झाली की मी खालचा दरवाजा उघडा ठेवते, पायऱ्यांवरची कुंडी बाजूला सरकवते. परवा डब्यातला तांदूळ संपला. संध्याकाळपर्यंत वाट बघितली, मग कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच किलो आणला.